चार विसा आणि भिंगरीचं वय

समजा हं, तुम्ही एक यंत्र आहात. हात नाहीत, पाय नाहीत, फक्त एक डोळा आहे. आणि कुणीतरी तुम्हाला बजावून ठेवलंय, "आधी एक आकडा येईल, मग स्वल्पविराम, मग दुसरा आकडा. तेवढंच वाच. दुसरं काही दिसलं तर सरळ म्हण, समजलं नाही." झालात यंत्र? आता एक आजोबा लिहितात, 'कालच्याइतकाच'. एक आजी लिहितात, 'वरचा दीडशे, खालचा विसरले, बघून सांगते'. तिसरं कुणी नुसतंच 'बरं आहे' लिहून मोकळं होतं. काय कराल तुम्ही?

"हा घ्या, अजून एक पाहुणा," परिचारिका म्हणाली आणि पडद्यावरचं मोठ्याने वाचू लागली. "'पावणेदोनशे आला होता. पाणी प्यायले, मग दीडशे.' आता यातला कुठला धरू?"

"दुसरा," पलीकडच्या टेबलावरून उत्तर आलं.

"का? पाणी तुम्ही पाजलंत?"

तो हसला. दवाखान्याच्या मागच्या इमारतीतल्या त्या खोलीत दोनच टेबलं होती. एक परिचारिकेचं, त्यावर फोन. दुसरं याचं. सगळा दिवस आकड्यांमधल्या टिंबांशी आणि विरामांशी झटापट करतो म्हणून सगळे त्याला स्वल्पविराम म्हणायचे. नाव तसं बरोबरच होतं. माणूस बोलताना मध्येच थांबायचा, आणि पुढचं वाक्य कधीकधी यायचंच नाही.

त्यांचं काम असं होतं. घरी एकटी राहणारी म्हातारी माणसं सकाळी रक्तदाब मोजायची आणि वरचा आकडा, खालचा आकडा फोनवरून लिहून पाठवायची. यंत्र ते वाचून 'ठीक आहे, धन्यवाद' असं उत्तर द्यायचं. आकडा वाईट असला तर डॉक्टरांना कळवायचं. आणि जे त्याला वाचता यायचं नाही ते परिचारिकेच्या पडद्यावर टाकायचं. मग ती फोन उचलायची. "अहो आजी, हे काय लिहिलंय?" तिथून जी गाडी सुटायची ती आजींचा गुडघा, गळका नळ, शेजारणीची मांजर अशी सगळी स्टेशनं घेत घेत शेवटी आकड्यावर यायची.

एके दिवशी साहेब आले. साहेब माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "निम्मे संदेश परत जातायत. ते घड्याळं दुरुस्त करायचे ते आजोबा आहेत ना, घड्याळवाले, त्यांचा हात थरथरतो, स्वल्पविरामाच्या जागी तीन टिंबं पडतात. यंत्र त्यांना सारखं 'समजलं नाही' म्हणतं. परवा बिचारे इथवर चालत आले, घामाघूम होऊन. म्हाताऱ्यांना सुधारायला जाऊ नका. यंत्रालाच जरा समजूतदार करा."

स्वल्पविरामला हे काम मनापासून आवडलं. मुलांनो, यंत्राला समजूतदार करणं म्हणजे लहान मुलाला शिकवण्यासारखंच असतं, फक्त हे मूल कंटाळत नाही. त्याने शिकवलं, विराम नसला तर मोकळी जागा चालेल. टिंबं कितीही असोत, एकच धर. दीडशे म्हणजे एकशे पन्नास. पावणेदोनशे म्हणजे एकशे पंचाहत्तर, दोनशे पाहुणे नव्हेत. उलटसुलट आले तर मोठा तो वरचा. 'कालच्याइतकाच' असेल तर कालचं बघ. आणि सगळ्यात शेवटी त्याने एक मुभा देऊन ठेवली, जे कळत नाही ते सोडून दे आणि पुढे जा. सोडून दिलेले शब्द पडद्यावर फिकट राखाडी दिसायचे. गुडघा राखाडी, नळ राखाडी, मांजर राखाडी. आकडे तेवढे काळे.

घड्याळवाले आजोबा पुन्हा आले ते पेढा खाल्ल्यासारखं तोंड करून. "शहाणं झालं हो तुमचं पोर! पहिल्या फटक्यात कळतं त्याला!" स्वल्पविरामची छाती वीतभर फुगली.

परिचारिकेचा पडदा मात्र रिकामा होत गेला. पुढे तर ती दिवसभर फोनची वायर बोटाला गुंडाळायची आणि सोडायची. मग तिला वॉर्डात पाठवलं. तिथे परिचारिका कमीच होत्या.

"तुमच्या पोराने माझी खुर्ची गिळली," निघताना ती म्हणाली. रागाने नव्हे. पिशवी खांद्याला लावून दारात जरा घुटमळली. "काही जणींना सांगायचं राहिलं, मी जातेय म्हणून."

"मी सांगेन," तो म्हणाला. पण कुणाला सांगायचं ते विचारायचं राहून गेलं.

त्यानंतर एक गंमत सुरू झाली. कुणी एक आजी रोज वाकडं लिहू लागल्या. पाठवणाऱ्यांची नावं आणि नंबर यंत्र त्याच्यापासून झाकून ठेवायचं, नुसती एक खूण दाखवायचं, त्यामुळे कोण ते कळत नव्हतं. आधी त्यांनी विराम सोडला. यंत्राला कळलं. मग आकडे अक्षरात लिहिले. कळले. मग खालचा आधी, वरचा नंतर. तेही कळलं. मग आलं, 'पाच कमी सात विसा'. इथे मात्र यंत्र अडलं. स्वल्पविरामने हसत हसत त्याला विसाही शिकवले. वा आजी, तो मनात म्हणाला, तुम्ही शेर तर मी सव्वाशेर.

शनिवारी तो घरीच जेवणाच्या टेबलावर हे काम घेऊन बसला होता. समोर त्याची मुलगी गणितं सोडवत होती. म्हणजे एक गणित सोडवायची आणि खोलीला एक चक्कर मारून यायची. घरात तिला कुणी नावाने हाक मारत नसे.

"बाबा, विसा म्हणजे काय हो?" त्याच्या खांद्यावरून डोकावत तिने विचारलं.

"वीसचा एक गठ्ठा. जुनी माणसं तसं मोजायची. सात विसा म्हणजे किती?"

"एकशे चाळीस. सोप्पंय." ती खालचा संदेश वाचू लागली. "वरचा सात विसा, खालचा चार विसा... आणि हे असं पुसट का?"

"ते यंत्राला कळलं नाही. सोडून दिलंय."

"पण मला कळलं ना!" ती टुणकन उडाली. "'चार विसा आणि भिंगरीचं वय.' भिंगरी म्हणजे मी! बाबा, ही आजी आहे! आपली आजी!"

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. मुलीला भिंगरी हे नाव त्याच्या आईनेच ठेवलं होतं. आईला या यादीत त्यानेच घातलं होतं, 'रोज या नंबरवर आकडे टाकत जा' एवढंच सांगून. भिंगरीला नऊ पूर्ण होऊन महिना झाला होता. चार विसा आणि नऊ, एकोणनव्वद. यंत्राने लिहिले होते ऐंशी. आणि आईला उत्तर गेलं होतं, 'ठीक आहे, धन्यवाद.'

त्याने फोन लावला.

"आई, हे काय लिहिलंस आज?"

"अगंबाई, तुझ्यापर्यंत आलं का ते?" आई ओशाळली. "काही नाही रे, गंमत."

"आकड्यांची कसली गंमत? चक्कर वगैरे येते का तुला?"

"छे. गोळी घेते मी वेळेवर." मग म्हणाली, "अरे, ती परिचारिका फोन करायची ना. लिहिताना चुकलं की हमखास फोन यायचा, आजी हे काय लिहिलंय म्हणून. गोड मुलगी. तिच्या बहिणीचं लग्न ठरत नव्हतं, त्याचं काय झालं कोण जाणे. हल्ली येत नाही फोन. म्हटलं, आपण फार शहाण्यासारखं लिहायला लागलो वाटतं, जरा वाकडं लिहून बघू. तर मेलं सगळंच कळतं त्या यंत्राला! विसासुद्धा! कोण एवढा हुशार बसलाय तिथे, देव जाणे."

स्वल्पविरामने समोरचा पडदा मिटवला.

"बरं ठेव. तू कामात असशील," आई म्हणाली आणि तिनेच फोन ठेवला.

सोमवारी तो साहेबांसमोर उभा राहिला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. राखाडी शब्दांत आकडा लपला असेल तर 'ठीक आहे' म्हणू नये, हे त्यांना लगेच पटलं. तसं यंत्राला शिकवायला सांगितलं. स्वल्पविराम म्हणाला, "पण मग पुढे काय, साहेब? कळलं नाही म्हणेल, पुन्हा पाठवा म्हणेल. वाचायला पलीकडे कुणी नाही."

"वॉर्डातून बाई परत आणू? तिथे एकेकीकडे वीस खाटा आहेत." साहेब हळू बोलत होते. "आणि पुन्हा कडक करू यंत्र? घड्याळवाल्यांना काय सांगायचं?"

तो टेबलावरची टाचणी इकडून तिकडे सरकवू लागला.

"शिवाय तुमच्या आईंना आकड्यासाठी फोन नको होता," साहेब म्हणाले. "नुसता फोन हवा होता. तो आपल्या सेवेत कुठे बसतो? तो मुलाने करायचा."

हे बरोबरच होतं. म्हणून तो रोज करू लागला. संध्याकाळी घरी आला की चपला काढायच्या आधी फोन लावायचा. "बरी आहेस ना?" "बरी आहे." "जेवलीस?" "जेवले." त्याला पुढचं वाक्य सुचायचं नाही. गुडघा कसा आहे असं विचारलं तर ती म्हणायची, आहे तसाच. मांजराचं विचारलं तर म्हणायची, तुला काय करायचंय मांजराशी. लेकराचा वेळ खाऊ नये, हे तिने इतकी वर्षं अंगी बाणवलं होतं, की आता त्याने ताट भरून वेळ पुढे केला तरी तिचा हात पुढे होत नव्हता. "ठेव आता. दमून आला असशील." रोज हेच. सगळ्या वाकड्या बोलण्यातून अर्थ काढायला यंत्राला शिकवलं होतं त्याने, पण या सरळ साध्या वाक्यापुढे काय करायचं ते त्याला येत नव्हतं.

तिकडे सकाळचे संदेशही सरळ येऊ लागले. आकडा, स्वल्पविराम, आकडा. एक अक्षर जास्त नाही. आईने नाद सोडला होता.

त्या दिवशीही तसंच झालं. "ठेव आता," पलीकडून आवाज आला. तो हो म्हणून ठेवणार, तोच भिंगरीने चक्कर मारता मारता फोन त्याच्या हातातून काढून घेतला.

"आजी, थांब! विसा म्हणजे काय गं?"

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"शाळेत शिकवलं नाही का तुम्हाला?" आजी म्हणाली.

"नाही ना. बाबांना पण नीट सांगता येत नाही."

"त्याला काय येतंय!" आजीचा आवाज एकदम मोठा झाला, स्वल्पविरामला दोन हातांवरून ऐकू येऊ लागला. "हे बघ, आपल्या हाताची बोटं किती? दहा. आणि पायाची? आता माझ्या आईला पाढे येत नव्हते, पण ती कोंबडीची अंडी मोजायला बसली ना, की एक माणूस, दोन माणसं, असं म्हणायची. एक माणूस म्हणजे वीस बोटं. तर एकदा काय झालं..."

स्वल्पविराम चपला घालूनच उभा होता. हे त्याला कधी कुणी सांगितलं नव्हतं.

अंडी मोजून झाली, एक फुटलं, त्यावरून कुणी कुणाला मारलं तेही झालं. मग आजीने विचारलं, "कळलं का गं आता?"

भिंगरीने बाबांकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे पाठ केली, भिंतीला टेकून खाली बसली आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नाही गं आजी," ती म्हणाली. "नाही कळलं. पहिल्यापासून सांग."