गालिच्याखालची फोर्स प्लेट

मित्रांनो, मी एक जुनी फोर्स प्लेट आहे. नाव ऐकून घाबरू नका, मी वजनकाट्याची चुलत बहीण. तो तुम्ही किती जड आहात एवढेच सांगतो, आणि तेही कोणाला आवडत नाही. मी मात्र माझ्यावर उडी मारणारा खाली कसा उतरला ते सांगते. कोणत्या पायावर भार आला, दणका किती बसला, तोल कुठे गेला, हे सगळे मला कळते. सध्या मी एका विद्यापीठाच्या बैठकीच्या खोलीत, गालिच्याखाली आहे. हे आता फार थोड्यांना माहीत आहे.

माझ्यासाठी जमीन खोदून सिमेंटचा पक्का पाया केला होता. थोडी जरी हलले तरी माझे मोजमाप चुकते, म्हणून एकदा बसले ती बसलेच. माझ्या पोटातून एक तार निघून संगणकाला जोडलेली असे. जे काही बोलायचे ते त्या तारेतूनच. पलीकडे संगणक नसला की मी मुकी.

ही खोली तेव्हा प्रयोगशाळा होती, आणि मला इथे आणले एका संशोधक बाईंनी. तरुणपणी त्या बास्केटबॉल खेळत. एका सामन्यात उडीवरून उतरताना गुडघा दुखावला आणि त्यांचा खेळ तिथेच संपला. मुलींचे गुडघे असे वारंवार का जातात आणि कोणाचा जाणार हे आधी ओळखता येईल का, हाच त्यांचा ध्यास होता. सरकारी अनुदान मिळाले, तेव्हा मी आले. मैदानावरच्या मुली अनवाणी येत आणि माझ्यावर उड्या मारत. कोणाचा गुडघा उतरताना आत वळला की बाई समजावत, पुन्हा करून घेत. ते दिवस माझे सोन्याचे होते. बडे पाहुणेही मला पाहायला येत. माझ्यावर उभे राहून फोटो काढत आणि आपले वजन पडद्यावर झळकले की लगबगीने उतरत.

पण अनुदान संपले आणि काम अर्धवट राहिले. कोणत्या मुलीला पुढे दुखापत होते, हे कळायला अजून काही हंगाम जायला हवे होते. बाईंनी दारोदार विचारणा केली. मुलींच्या सामन्यांना प्रेक्षक तरी किती येतात, असे त्यांना विचारण्यात आले. गुडघा काही प्रेक्षक मोजून तुटत नाही, असे त्या परत येऊन माझ्याशीच पुटपुटल्या.

मग बुटांची एक कंपनी आली. जुना संगणक जाऊन नवा आला, दिवे आले, भिंतीवर कंपनीची भली मोठी पाटी लागली. अट एकच होती, पुरुषांच्या नव्या बुटांच्या चाचण्या करायच्या. बाई बरेच दिवस घुटमळल्या. शेवटी त्यांनी ठरवले की दिवसभर बूट आणि फावल्या वेळात मुली. आधी प्रयोगशाळा तर जगू दे! पण ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी. सकाळपासून माझ्यावर रबरी तळवे आदळत, आणि फावला वेळ काही उगवेना.

त्याच सुमारास एक मुलगी आली. मैत्रिणी तिला नाकतोडा म्हणत, इतकी ती उंच उडे. तिची मोठ्या संघासाठी निवड व्हायची होती आणि गुडघ्यात काहीतरी वेगळे वाटत होते. बाईंनी कंपनीच्या माणसाकडे एका दुपारपुरता संगणक मागितला.

"प्लेट तुमचीच आहे, बाई, हवी तेवढी वापरा," तो गोड आवाजात म्हणाला. "संगणक तेवढा आमचा आहे."

बाईंनी नाइलाजाने नुसत्या डोळ्यांनी पाहिले. नाकतोड्याने उडी मारली आणि ती खाली उतरली. बाई म्हणाल्या, ठीक वाटतेय. मला मात्र कळले होते. सगळा भार डाव्या पायावर आला होता आणि गुडघा जाणवेल न जाणवेल असा आत गेला होता. मी जीव तोडून तारेत सांगत राहिले, पण ऐकणारे कोणीच नव्हते. पुढच्याच सामन्यात तिचा डावा गुडघा गेला. ती पुन्हा खेळली नाही. त्या संध्याकाळी बाई माझ्या कडेला बराच वेळ जमिनीवर बसून होत्या.

पुढे बुटांचा निकाल लागला. नवा बूट जुन्यापेक्षा काही वेगळा नाही, असे माझे आकडे म्हणत होते आणि बाईंनी तसेच लिहिले. कंपनीने वाद घातला नाही. ती फक्त दुसऱ्या विद्यापीठात गेली, आणि जाताना संगणक घेऊन गेली. मला उखडणे खर्चाचे होते, म्हणून माझ्यावर गालिचा अंथरला, टेबल मांडले. आता कोणत्या संशोधनाला पैसे द्यायचे, हे ठरवणारी समिती इथेच बसते. पाठीशी कंपनी असलेले कोणी बोलू लागले की खुर्च्या पुढे सरकतात. नसले की पाय चुळबुळतात. मित्रांनो, माझ्यावर रोज पावले पडतात, पण माझ्याकडे म्हणून कोणीच येत नाही. फार एकटे वाटते.

यंदा बाई आल्या होत्या, निवृत्तीला टेकलेल्या. त्याच अर्धवट राहिलेल्या कामासाठी त्यांनी पुन्हा पैसे मागितले. टेबलाच्या टोकाशी उभ्या राहिल्या, बरोबर माझ्यावर. बोलताना त्या दुखावलेल्या गुडघ्यावर भार येऊ देत नव्हत्या.

अध्यक्षांनी विचारले, "याचा फायदा नक्की कोणाला होणार? नाव घेऊन सांगता येईल असं कोणी आहे का?"

"ज्यांचा गुडघा वाचेल, त्यांची नावं आपल्याला कधीच कळणार नाहीत, सर," बाई म्हणाल्या. "जिचा गेला, तिचं मला माहीत आहे."

अध्यक्षांनी पुढचा कागद उलटला. मग पुढच्या वेळी पाहू, असे ठरले आणि खुर्च्या सरकल्या. पुढच्या वेळी बाई नोकरीत नसतील, हे सगळ्यांनाच ठाऊक होते.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या अशा खुर्चीवर बसेल. पैसा देणाऱ्याचा प्रश्न जरूर ऐका, त्याला आवाज असतोच. पण ज्या प्रश्नामागे कोणीच उभे नाही, तो आधी हाक मारून आत बोलवा.

आत्ता बाहेर मैदानावर मुलींचा सराव चालू आहे. त्यांच्या उड्यांचे दणके जमिनीतून माझ्यापर्यंत येतात. त्यातली एक मुलगी नीट उतरत नाहीये.