तिसरा स्विच

“सांगून कुणाला पटायचं नाय, म्हणून मी सांगतच नाय,” असं म्हणत आप्पांनी चपला वाळूत काढल्या, काठावरून बोटीत पाय टाकला आणि सांगायला सुरुवात केली.

अक्रम पाठच्या कप्प्यात पोटावर आडवा होऊन जाड तारा ओढत होता. त्याचे फक्त पाय बाहेर होते, त्यामुळे तो ऐकतोय की नाही हे कळायला मार्ग नव्हता. आप्पांना त्याचं काही नव्हतं. जन्मभर त्यांनी समुद्राला गोष्टी सांगितल्या होत्या, आणि समुद्र तरी कुठं हुंकार देतो.

“वेळणेश्वरच्या बाहेर होतो. खलाशानं रेडिओवर मॅच ऐकून ऐकून बॅटरी मारून टाकलेली. चावी फिरवली तर इंजिन हूं की चूं करीना. तेवढ्यात जाळं ओढलं. जाळ्यात काय आलं असेल?”

“बॅटरी,” कप्प्यातून आवाज आला.

“मासा. पाकटीसारखा चपटा, पण अंगात वीज. हात लावला की माणूस आडवा. म्हटलं, बाबा रे, आज तूच आमचा वाली. एक तार डोक्याला, एक तार शेपटीला. फिरवली चावी. इंजिन असं सुरू झालं की वेळणेश्वराच्या देवळातली घंटा आपोआप वाजली.”

“प्लस कुठला नि मायनस कुठला, कसं कळलं?”

“पहिल्यांदा उलटं लावलं. बोट मागं चालायला लागली, तेव्हा कळलं.”

अक्रमचे पाय हलले. हसला असावा. मग तो सरपटत बाहेर आला, केसांतली फायबरची भुकटी झाडली आणि म्हणाला, “आप्पा, मासा सोडा. मला सांगा, तिसऱ्या बॅटरीचं काय ठरलं?”

आप्पांनी माडांच्या सावलीकडे पाहिलं. तिथं दोघे भाऊ उभे होते. मधे एका माडाचं अंतर.

भाट्याच्या खाडीकाठी लाकडी ओंडक्यांवर चढवलेली ही बोट त्यांच्या बापानं, रघूनं, बांधायला टाकली होती. पर्यटकांना गळ टाकायला लांब न्यायचं, म्हणून पाठीला दोन इंजिनं बसतील अशी. एक बंद पडलं तर दुसऱ्यावर घरी यायचं. बोट पुरी होण्याआधी रघूच गेला. त्याच्या बाराव्याला त्याची जुनी होडी कुणी नि कुणाला विचारून मोडीत काढली यावरून थोरला शुभंकर आणि धाकटा ऋत्विक यांचं जे वाजलं, ते दोन वर्षं वाजतच होतं. घरात चुली दोन झाल्या. आप्पांनी रघूबरोबर उभा जन्म खलाशी म्हणून काढलेला, स्वतःचं असं कुणी नाही. ते दुपारी थोरल्याकडे जेवत आणि रात्री धाकट्याकडे, आणि दोन्हीकडे मीठ कमी आहे असं सांगत. बोट मात्र मधोमध कापता येईना. तेव्हा डावं इंजिन शुभंकरनं घेतलं, उजवं ऋत्विकनं. दोघं एकमेकांशी बोलत नसत. जे काय बोलायचं ते आप्पांशी.

“अक्रम विचारतोय, तिसऱ्या बॅटरीचं काय?” आप्पांनी हाळी दिली.

“ती कशाला?” शुभंकर जवळ येत म्हणाला.

अक्रमनं हजारदा सांगितलेलं पुन्हा सांगितलं. शारजात दहा वर्षं त्यानं बोटींच्या तारा ओढण्यातच घालवली होती, आणि समजावण्याचा कंटाळा तो तिथंच सोडून आला होता. “एक बॅटरी डाव्या इंजिनाची, एक उजव्याची. त्यांनी फक्त इंजिन सुरू करायचं, दुसरं काम नाय. तिसरी घरखर्चाला. दिवे, वायरलेस, पंप, गाणी, सगळं तिच्यावर. इंजिनं चालू झाली की दोघं मिळून तिला भरतात. बंद झाली की ती आपोआप वेगळी. ती पार रिकामी झाली तरी इंजिनांच्या बॅटऱ्या भरलेल्या.”

“आप्पा, त्याला विचारा, तिसरी कुणाच्या नावावर?” ऋत्विक म्हणाला. भाऊ हातभर अंतरावर होता.

“तो विचारतोय, कुणाच्या नावावर?”

“ऐकलं मी. त्याला सांगा, माझ्या इंजिनाचा करंट त्याच्या गाण्यांना जायचा नाय.”

“त्याला सांगा, मला नकोच आहे.”

अक्रमनं आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी आभाळाकडे. तिसरी बॅटरी तिथंच बारगळली. मग दिवे आणि वायरलेस थोरल्याच्या बॅटरीवर गेले. मासे दाखवणारा पडदा, जिवंत कोळंबीच्या टाकीचा पंप आणि गाणी धाकट्याच्या. तारासुद्धा दोन रंगांच्या आणल्या, कुणाची कुठली यावर वाद नको म्हणून.

“मग दोन बॅटऱ्यांचे दोन स्विच आहेत, निदान जोडणारा तिसरा तरी घाला,” अक्रम म्हणाला. “दोन बॅटऱ्यांच्या मधे. एरवी उघडा, म्हणजे तुटलेला. एक मेली तर फिरवायचा, दुसरीच्या जिवावर इंजिन सुरू करायचं, परत उघडा करायचा. तो नसेल तर मी हे काम सोडून जातो.”

दोघांनी एकदमच मान हलवली. नकाराची. दोन वर्षांत दोघांचं एकमत झालेली ती पहिली गोष्ट.

तेव्हा आप्पा उठले. वीजमाशाची गोष्ट त्यांनी पहिल्यापासून पुन्हा सांगितली, आणि या खेपेला माशाला परत पाण्यात सोडताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं होतं. ऋत्विकला हसू फुटलं. शुभंकरनं खोकल्यासारखं केलं. त्या गडबडीत अक्रम कप्प्यात शिरला आणि लाल मुठीचा तिसरा स्विच बसवून मोकळा झाला. शुभंकरच्या आसनाखाली, झाकणाच्या आत.

“असू दे,” शुभंकर म्हणाला. “पण आप्पा, त्याला सांगा. चाचणीला जायचं. ज्याचं इंजिन बंद पडेल त्यानं आपलं इंजिन उचलायचं नि बोट दुसऱ्याला सोडायची. रोजची कटकट नको.”

“सांगा त्याला, कबूल.”

“तुम्ही साक्षीला, आप्पा.”

आप्पांना आयुष्यात पुष्कळ गोष्टींना साक्षी राहावं लागलं होतं. त्यातल्या बऱ्याच घडलेल्याही नव्हत्या. पण ही ऐकून त्यांच्या तोंडची सुपारी तशीच राहिली. बोट एकाची झाली की दुसरा मुंबई गाठणार, हे त्यांना दिसत होतं. एक चूल विझणार. कुठली, एवढंच ठरायचं होतं.

बोट पाण्यात उतरायला चार-पाच दिवस होते. तेवढ्या दिवसांत ऋत्विक रोज संध्याकाळी तिच्यात येऊन बसे. ओंडक्यांवरच्या बोटीत गाणी लागत, माडांत घुमत. रघूला आवडायची तीच जुनी गाणी.

“तुझी गाणी इंजिन चालू नसताना बॅटरी खातायत,” अक्रमनं त्याला एकदा टोकलं. “भरणार कोण?”

“नवीन आहे. काय होतंय.”

आप्पा शेजारी बसून ऐकत होते. गाणी बंद कर, असं त्यांनी म्हणायला हवं होतं. पण रघू गेल्यावर ती गाणी कुणी लावली नव्हती, आणि आप्पांनी आणखी एक लावायला सांगितलं.

चाचणीच्या दिवशी समुद्र ताटासारखा होता. बोट खाडीत उतरली तेव्हा दोन्ही इंजिनं सुरू झाली. उजवं जरा कुरकुरत. अक्रम म्हणाला, मी जेटीवर थांबतो, मला बोटी लावायला आवडतात, बसायला नाय. शुभंकर डावीकडे, ऋत्विक उजवीकडे, आप्पा बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळीवर, नांगराजवळ. नाव अजून रंगवलेलं नव्हतं, कारण नाव कोण ठेवणार हे ठरलं नव्हतं. खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध आहे; ओहोटीला तिथं लाटा कुठून फुटतील सांगता येत नाही. तो ओलांडून ते बाहेर आले, किनारा हाताच्या बोटाएवढा दिसेपर्यंत गेले, आणि इंजिनं बंद करून नांगर टाकला. गळ टाकून बघायचे होते. पंप सुरू झाला, पडदा उजळला, बारीक आवाजात गाणं लागलं.

दुपार छान गेली. एक मोडोसा मासा मिळाला. ऋत्विकच्या गळाला, पण जाळीत घेतला शुभंकरनं. आप्पांनी या मोडोशाच्या आजोबाची गोष्ट काढली, आणि दोघेही आपापल्या बाजूच्या पाण्याकडे बघत ती ऐकत राहिले.

पाणी उतरायला लागलं तसे आप्पा उठले. “निघा आता. बांधावर पाणी कमी होईल.”

शुभंकरनं चावी फिरवली. डावं इंजिन लगेच सुरू झालं.

ऋत्विकनं फिरवली. कट्, कट्. आणि गाणं थांबलं.

त्यानं पुन्हा फिरवली. पडदा मिटला. पंप मघाशीच थांबला होता, ते आता लक्षात आलं. टाकीतल्या कोळंब्या वरच्या वर तरंगायला लागल्या होत्या. ऋत्विक उभा राहिला, उजव्या इंजिनाकडे गेला, त्याचं टोपण उघडून आत बघत राहिला. आत बघण्यासारखं काही नव्हतं. त्याला ते ठाऊक होतं. मानेच्या मागून त्याचे कान लाल झालेले आप्पांना नाळीवरून दिसत होते.

नांगराचा दोर आप्पांच्या हातात होता. अर्धा ओढून झालेला. त्यांनी आणखी ओढला नाही.

एका इंजिनावर घरी जाता येत होतं. बोट दोन इंजिनांची बांधली होती ती त्याचसाठी. शुभंकरनं गिअर टाकायचा, सुकाण वळवायचं, जेटीला लागायचं. बाकी बोलायचं ते सगळं आधीच बोलून झालं होतं. त्याचा हात गिअरवर गेला. तिथं राहिला. त्यानं किनाऱ्याकडे पाहिलं, मग धाकट्याच्या पाठीकडे. ती पाठ पाठमोऱ्या रघूसारखी होती. आप्पांना ते रोज दिसे, शुभंकरला आज दिसलं की काय कोण जाणे. ऋत्विकनं इंजिनाचं टोपण हळूच लावलं आणि तसाच उभा राहिला.

शुभंकर वाकला. चपलेत काही रुतल्यासारखा. आसनाखालचं झाकण उघडल्याचा आणि मिटल्याचा आवाज डाव्या इंजिनाच्या घरघरीत बुडून गेला.

“आप्पा,” तो समोर बघत म्हणाला, “त्याला सांगा, आणखी एकदा फिरवून बघ.”

“बघ रे आणखी एकदा,” आप्पा म्हणाले.

ऋत्विकनं, करायचं म्हणून, चावी फिरवली. उजवं इंजिन एका झटक्यात सुरू झालं.

तो चावीकडे बघत राहिला. मग डावीकडे बघितलं. शुभंकरची नजर समोर बांधावरच्या फेसावर. आप्पांनी नांगर वर घेतला. दोन्ही इंजिनांवर बोट बांधावरून अशी आली की पाण्याला कळलंसुद्धा नाही.

जेटीवर अक्रमनं दोर झेलला. बोट बांधून तो आत उतरला, सवयीनं सगळे कप्पे उघडून तारा चाचपत पाठीकडे गेला. शुभंकरच्या आसनाखालचं झाकण उघडलं आणि तो थांबला.

“हा फिरवलेला आहे,” तो म्हणाला. “जोडलेलाच राहिलाय. कुणाचं बंद पडलं?”

शुभंकर दोराची गाठ घालत होता. घातलेली गाठ त्यानं सोडली आणि पुन्हा घालायला घेतली. ऋत्विक मोडोसा हातात घेऊन उभा होता. आप्पांनी दोघांकडे एकदा पाहून घेतलं. आणि मग, जन्मभर पाठीशी उभी राहिलेली विद्या आज कामाला येणार म्हणून, ते फळीवर ऐसपैस बसले.

“कुणाचं बंद पडायला काय झालं,” ते म्हणाले. “तो मी फिरवला. म्हातारा माणूस, हात स्वस्थ बसत नाय. म्हटलं एवढा तांबडा स्विच दिलाय तर बघू तरी काय होतं. सहज. दोन्ही इंजिनं चालू, मोडोसा पुढ्यात, गाणी चाललेली. मी इथं बसून खाली हात घातला, दिला फिरवून. यांना कुठं माहीत. उलट मीच विसरलो परत उघडायला. तर काय झालं, अक्रम, सांगून पटायचं नाय, स्विच फिरवल्याबरोबर एक एवढं मोठं कासव—”

“आप्पा,” ऋत्विक म्हणाला.

आप्पा कासवाला सोडायला तयार नव्हते. “—एवढं कासव वर आलं नि माझ्याकडे बघून—”

“आप्पा, खोटं नका बोलू.” त्यानं मोडोसा फळीवर ठेवला, आणि हात पुसायला काही सापडेना म्हणून तसाच उभा राहिला. “तुम्ही नाळीवर होता. नांगराचा दोर तुमच्या हातात होता. माझं इंजिन बंद पडलं, नि स्विच दादानं फिरवला.”