पुलाच्या मध्यावर संपणारा परवाना

परवान्याच्या अर्जासोबत पाठवलेले रोंडा पिकरेलच्या बोटांचे ठसे दुसऱ्यांदा परत आले. अस्पष्ट आहेत, पुन्हा द्या. बावीस वर्षं पोरांची खेळणी ब्लीचच्या पाण्यात धुऊन बोटांवरच्या रेषाच गुळगुळीत झाल्या होत्या, त्याला ती तरी काय करणार? ती पुन्हा शेरीफच्या कचेरीत गेली, पुन्हा काचेवर बोटं दाबली आणि घरी येऊन अर्जाचं पुढचं पान उघडून बसली.

रोंडा वर्तनतज्ज्ञ होती. बोलता न येणाऱ्या, स्वमग्न मुलांना आपलं म्हणणं कळवायला शिकवायचं, हे तिचं काम. पदव्युत्तर शिक्षण, दीड हजार तासांची उमेदवारी, मोठी परीक्षा, सगळे सोपस्कार तिनं कधीच पार पाडले होते. प्रमाणपत्राला देशभर मान होता. परवाना मात्र ज्या त्या राज्याचा. रोंडाचा परवाना दोन राज्यांची हद्द असलेल्या ओहायो नदीवरच्या पुलाच्या मध्यावर संपत होता.

सात वर्षांची टेसा मेसर तिच्याकडे शिकत होती. टेसाला बोलता येत नव्हतं आणि तिला सांभाळायला आजी डॉटीशिवाय कुणी नव्हतं. मार्चमध्ये घरमालकानं घर विकलं आणि डॉटी नातीला घेऊन पलीकडच्या काठावर बहिणीकडे राहायला गेली. अंतर सहा मैल, पण राज्य बदललं. मूल जिथं असेल तिथला कायदा लागू, फोनवर दोन शब्द सांगितले तरी तोच. मग दोघींनी तोडगा काढला. अलीकडच्या काठावर कपडे धुण्याची यंत्रं असलेलं एक दुकान होतं. मंगळवारी आणि शुक्रवारी डॉटी मळके कपडे आणि नात गाडीत घालून पूल ओलांडायची. यंत्रात चादरी घुमत असायच्या आणि रोंडा फरशीवर बसून टेसाला एक कार्ड द्यायला शिकवायची. असह्य झालं की डोकं आपटायचं नाही, हे कार्ड द्यायचं. दिलं की नको ते थांबतं. आपटणं दिवसाला चाळीसवरून सहावर आलं. आपटण्याची प्रत्येक खेप रोंडाच्या वहीत नोंदलेली होती.

पण दुकानात शिकलेलं घरी टिकतंच असं नाही. घरी जाऊन शिकवायला हवं होतं, आणि त्यासाठी पलीकडचा परवाना. म्हणून हा सगळा खटाटोप.

मेमधल्या एका दुपारी डॉटीचा फोन आला. बहिणीकडे पाहुणे आले होते, गोंगाटानं टेसा बिथरली होती आणि अर्धा तास भिंतीवर डोकं आपटत होती. रोंडानं नियमाप्रमाणे सांगितलं, रुग्णवाहिका बोलवा.

"मागच्या वेळी पट्ट्यांनी बांधून नेलं होतं तिला," डॉटी म्हणाली. "काय करायचं ते सांगतेस, की आधी गाडीत घालून पुलाच्या मध्यावर आणू?"

फोनमधून धप्प, धप्प ऐकू येत होतं. रोंडानं सांगितलं. तिला मिठी मारू नका, सोडा. भिंत आणि डोकं यांच्यामध्ये उशी धरा. कुणी एक शब्द बोलू नका. कार्ड तिच्या हाताशी ठेवा, आणि बोट लागलं रे लागलं की सगळे खोलीबाहेर व्हा. अकराव्या मिनिटाला टेसाचं बोट कार्डाला लागलं. खोली रिकामी झाली, आपटणं थांबलं.

आणि आता अर्जातला चौदावा प्रश्न होता: परवाना मिळण्यापूर्वी आपण या राज्यातल्या कुणाला सेवा दिली आहे काय? खाली शपथेवर सही.

शुक्रवारी तिनं डॉटीला हे सांगितलं, तेव्हा डॉटीनं हसून घेतलं. "'नाही' लिही की. मी कुणाला सांगणार आहे? का टेसा सांगणार आहे?"

रोंडालाही हसू आलं, पण आठवडाभर तिचा हात पुढे सरकला नाही. जे दिसलं ते लिहा, जे दिसावं असं वाटत होतं ते नाही, हे तिनं हाताखाली शिकणाऱ्या उमेदवारांना इतक्या वेळा ऐकवलं होतं की आता त्याचा तिला कंटाळा आला होता. पोरीची प्रत्येक खेप खरी लिहायची आणि आपली एकच खोटी? ती स्वतःवर, परवाना देणाऱ्या मंडळावर आणि नदीवरही चिडली. शेवटी 'हो'वर खूण केली आणि वेगळ्या कागदावर तारीख, वेळ, अकरा मिनिटं असं सगळं लिहून टाकलं.

जूनच्या शेवटी पत्र आलं. अर्ज सप्टेंबरच्या बैठकीपर्यंत स्थगित, आणि पत्राची प्रत तिच्या स्वतःच्या राज्याच्या मंडळाला. ती नोकरी करत होती त्या केंद्राच्या संचालकांनी पत्र वाचून सांगितलं की चौकशी संपेपर्यंत टेसाचं काम बंद, दुकानातलंसुद्धा. दुसऱ्या तज्ज्ञाकडे प्रतीक्षा आठ महिन्यांची होती.

मंगळवारी रोंडा दुकानात गेली ती फक्त हे सांगायला. खुर्चीवर न टेकताच तिनं सगळं सांगितलं. टेसा फिरणाऱ्या यंत्राकडे पाहत उभी होती. डॉटी चादरींच्या घड्या घालता घालताच बोलली.

"खरं बोललीस. तुझं मन साफ राहिलं. आणि माझ्या पोरीचं डोकं?"

रोंडाला शरम वाटली आणि त्याहून जास्त थकवा आला. डॉटीचं चुकत नव्हतं. तरी तोच कागद उद्या पुन्हा समोर आला असता, तर तिनं पुन्हा तीच खूण केली असती, हेही तिला ठाऊक होतं.

"उद्या हिनं पुन्हा सुरू केलं, तर मी फोन कुणाला करायचा?" डॉटीनं विचारलं.

"मला."

"आणि त्यांनी पुन्हा विचारलं तर?"

"तर पुन्हा 'हो' लिहीन, मिस डॉटी," रोंडा म्हणाली. "तुम्ही फोन करा."