गुरुवारचा सॉस

इंद्रजीत शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर होता. गाड्यांचे सुटे भाग मोजायचे, मापात बसला तर हिरवा ठिपका, नाही बसला तर लाल, एवढंच त्याचं काम. पण माणसाला एकदा मोजायची खोड लागली की ती कंपनीच्या गेटवर थोडीच उतरवून ठेवता येते? बायको तनुजा म्हणायची, हे लग्नात आहेर करतानासुद्धा जेवणावळीला मनात मार्क देऊन येतात. त्यात अतिशयोक्ती फारशी नव्हती.

या खोडीला त्यानं चार वर्षांपूर्वी वाट करून दिली. इन्स्टाग्रामवर 'पिझ्झा पास-फेल' नावाचं पेज काढलं. शहरात त्या काळात गल्लोगल्ली पिझ्झा निघाला होता. कॅनॉटला निघाला, निराला बाजारला निघाला, ज्यूसवाल्यानं मिक्सरशेजारी ओव्हन ठेवला. कुणी पनीर तंदुरी घालायचं, कुणी वरून मेयोनीजचा असा सडा मारायचं की खाली काय आहे ते खाणाऱ्याच्या नशिबावर. इंद्रजीत मात्र सगळीकडे साधा मार्गारिटाच मागवायचा. लपवायला काही नसलं की पिझ्झा खरं बोलतो, असं त्याचं म्हणणं होतं. आधी तुकडा उलटा करून खालची बाजू बघायची, मग खिशातला व्हर्निअर काढून टेबलाखाली कडेची जाडी मोजायची. उस्मानपुऱ्यातल्या एका वेटरनं त्याला वायरमन समजून बंद पडलेला पंखा दाखवला होता.

त्याचे नियम पक्के होते. बिल स्वतः भरायचं. वरून काही भुरभुरायचं नाही. एकाच दुकानात तीनदा जायचं, कारण एका नमुन्यावरून निकाल देणं अन्याय. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुकानदारापुढे तोंड उघडायचं नाही. कुणी विचारलं तर 'छान', 'बराबर' म्हणून मोकळं व्हायचं आणि खरं काय ते पेजवर लिहायचं. या नियमांमुळे बावीस हजार लोक त्याच्या शब्दावर विश्वास ठेवत होते. दिलेला आकडा त्यानं आजवर कधी बदलला नव्हता, आणि याचा त्याला अभिमान होता. खरं सांगायचं तर जरा जास्तच होता.

गारखेड्यातलं 'सत्यभामा पिझ्झा' पाडव्याला सुरू झालं. सत्यभामाबाई बिडकीनच्या. एका वसतिगृहात अठरा वर्षं पोरींना भाकऱ्या थापून घातल्या, आणि मग मुलीनं, प्रेरणानं, हट्टानं ओव्हन आणून दिला म्हणून पन्नाशीत पिझ्झ्याला हात घातला. इंद्रजीतची सुट्टी गुरुवारची. नोव्हेंबर अखेरच्या गुरुवारी बारा वाजता दुकान उघडल्या उघडल्या तो जाऊन बसला. गर्दी नसते आणि ओव्हन ताजा तापलेला असतो, म्हणून तो नेहमी पहिलं गिऱ्हाईक होऊनच जायचा.

पिझ्झा आला. त्यानं तुकडा उलटा केला आणि बघतच राहिला. भाकरीला पडतात तसे खरपूस डाग, कड फुगलेली, आतून मऊ. असा बेस त्यानं या शहरात खाल्ला नव्हता. आणि घास घेतला तर सॉस अळणी. टोमॅटो होता, लसूण होता, मीठ जणू पाहुण्यासारखं दारातूनच परत गेलं होतं. काउंटरवरून बाईंनी मीठ बरोबर आहे ना म्हणून विचारलं. त्यानं सवयीनं 'एकदम बराबर' म्हणत मान हलवली आणि अर्धा पिझ्झा ताटात ठेवून उठला. पुढच्या गुरुवारी तेच. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच. बाईंनी विचारलं, यानं मान हलवली.

शुक्रवारी सकाळी त्यानं लिहिलं. बेसला दहापैकी नऊ, सॉसला शून्य, एकूण चार. खाली एक वाक्य टाकलं, जे त्याला स्वतःलाच फार आवडलं: 'मीठ एकदा विसरलं तर चूक म्हणता येते, तीनदा विसरलं तर ती सवय.'

वाक्य लोकांनाही आवडलं, हीच अडचण झाली. दुपारपर्यंत ते शहरभर फिरलं. शनिवारी एक हौशी गडी मिठाची किलोची पिशवी घेऊन दुकानात गेला, ती बाईंच्या पुढ्यात ठेवली आणि त्याचा व्हिडिओ केला. तोही फिरला. काही लोकांनी खाली लिहिलं की आम्ही रविवारी खाल्ला, मंगळवारी खाल्ला, झकास होता. इंद्रजीतनं प्रत्येकाला शांतपणे उत्तर दिलं की तीन नमुने घेतले आहेत.

रविवारी संध्याकाळी पेजवरच्या नंबरावर प्रेरणाचा फोन आला. तिनं आरडाओरडा केला नाही, विनवण्याही केल्या नाहीत. तुम्ही कोणकोणत्या तारखांना आला होतात, एवढंच विचारलं. त्यानं डायरी काढून तारखा ऐटीत वाचून दाखवल्या. सत्तावीस नोव्हेंबर, चार डिसेंबर, अकरा डिसेंबर.

प्रेरणानं तारखा पुन्हा एकदा म्हणून पाहिल्या. मग ती म्हणाली, "सर, हे तिन्ही मार्गशीर्षातले गुरुवार आहेत. आईचा उपास असतो. त्या दिवशी ती चाखत नाही."

मग तिनं उरलेलं सांगितलं. दोन दिवसांत गिऱ्हाईक निम्म्यावर आलं होतं. दुकानाच्या मालकाला महिनाअखेरीला वर्षभराचा करार हवा होता, आणि आई म्हणत होती की सही करायची नाही, आपल्याला जमत नाही, बिडकीनला परत जाऊ. एवढं सांगून तिनं फोन ठेवला.

इंद्रजीतला आधी रागच आला. उपास तुमचा, त्यात गिऱ्हाइकाचा काय दोष? मीठ वजन करून घालायला कुणी अडवलं होतं? सदोष माल तो सदोष माल. हे सगळं त्यानं तनुजाला ऐकवलं. ती तेव्हा मेथी निवडत होती. तिनं विचारलं, आपल्या घरी गुरुवारच्या भाजीत मीठ नीट असतं ते कसं, कधी विचार केलाय का? त्यानं केला नव्हता.

"मी शिवमला देते चाखायला," ती म्हणाली. शिवम त्यांचा आठ वर्षांचा मुलगा. "उपासाला मीठ जरा हात आखडूनच घालायचं. कमी पडलं तर वाढवता येतं. आणि पहिला घास घेणाऱ्याला विचारायचं. सगळ्याच बाया असंच करतात."

"मग मला का नाही विचारत?"

"तुम्ही दहापैकी किती ते सांगता. मला मीठ घालू का नको ते पाहिजे असतं."

हे तिनं चिडून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती हसत हसत म्हणाली आणि मेथी निवडत राहिली.

सोमवारी कंपनीत त्याचं लक्ष लागेना. नवीन पोरांना तो दर महिन्याला एक गोष्ट घोकून घ्यायला लावायचा: नमुने एकाच पाळीतले घेऊ नका, सकाळचे घ्या, रात्रीचे घ्या, नाहीतर तुम्ही माल नाही, ती पाळी तपासताय. आणि हा पठ्ठ्या तीन आठवडे एकाच वाराचे नमुने घेऊन न्यायाधीश झाला होता. एवढी ढोबळ चूक एखाद्या शिकाऊ पोरानं केली असती तर त्यानं त्याची सालटं काढली असती. पण ही चूक निदान कबूल करता येण्यासारखी होती. चार ओळी लिहायच्या, आकडा सुधारायचा. मनाशी तेवढं ठरवून तो पाळी सुटल्यावर थेट गारखेड्याला गेला.

दुकानात एकही गिऱ्हाईक नव्हतं. त्यानं मार्गारिटा मागवला, खाल्ला, पूर्ण खाल्ला. सॉस आंबटगोड, लसणाचा ठसका मागून येणारा, मीठ जिथं हवं तिथं. चार वर्षांत त्यानं इतका चांगला पिझ्झा खाल्ला नव्हता, आणि खाताना त्याला इतकं वाईटही कधी वाटलं नव्हतं. मग तो काउंटरशी गेला आणि आपण कोण ते त्यानं सांगितलं.

सत्यभामाबाईंना आश्चर्य वाटलं नाही. पोस्ट वाचल्यावरच त्यांनी ओळखलं होतं. अर्धा पिझ्झा ठेवून जाणारं गिऱ्हाईक स्वयंपाकी बाई विसरत नाही. इंद्रजीतनं माफी मागितली, वारांचा घोळ समजावून सांगितला, आणि जाता जाता, मोजायची खोड कुठं जाते, मीठ मोजून घालत चला असं सुचवलंही.

"टमाटा रोज येगळा येतो, भाऊ. कवा आंबट, कवा गोड. त्याला मोजून मीठ कसं घालणार?" त्या म्हणाल्या. आवाज साधाच होता. "वाराचं र्‍हाऊ द्या. त्यात तुमची काय चूक? तुम्हाला कुठं ठावं व्हतं माझा उपास हाय म्हणून. पण मी तुम्हाला तीन बारी इचारलं, मीठ बराबर हाय का. तुम्ही तिन्ही बारी बराबर म्हणला."

इंद्रजीत म्हणाला की ते आपण असंच म्हणालो, सगळीकडे तसंच म्हणतो.

"तुम्ही पहिलं गिऱ्हाईक व्हता. तुमच्या बोलण्यावर मी दिवसभर त्योच सॉस लावला. नंतर एक-दोघांनी मीठ मागून घेतलं, तर मला वाटलं त्यांची जीभ खारट असंल. पहिला माणूस बराबर म्हणला व्हता ना."

आपण सदोष माल शोधून काढला असं इंद्रजीत चार दिवस समजत होता, आणि तो माल त्याच्याच शब्दावर तयार झाला होता. पहिल्या गुरुवारी दोन शब्द खरे बोलला असता तर पातेल्यात चिमूटभर मीठ पडलं असतं आणि पुढचं काहीच घडलं नसतं. कंपनीत एखादा भाग मापाबाहेर निघाला की तो धावत मशीनपाशी जायचा, ऑपरेटरला सांगायचा, मशीन थांबवायचा. इथं समोर उभी असलेली बाई स्वतः होऊन विचारत होती, आणि तो गप्प राहून लाल ठिपके मोजत बसला होता. त्याला मनापासून लाज वाटली.

मंगळवारी त्यानं पेजवर सगळं लिहिलं. वार लिहिले, उपास लिहिला, तीन वेळा विचारलेला प्रश्न आणि तीन वेळा दिलेलं खोटं उत्तर लिहिलं. जुना आकडा काढून टाकला आणि नवा दिला नाही. ज्याची भीती होती तेच झालं. किती पाकीट मिळालं, कुणीतरी विचारलं. पास-फेल स्वतःच फेल, दुसऱ्यानं लिहिलं. बुधवारपर्यंत हजारभर लोक पेज सोडून गेले. त्यानं कुणाला उत्तर दिलं नाही. फक्त प्रेरणाला फोन करून, गुरुवारी सकाळी सॉस शिजताना येऊ का, असं आईला विचारायला सांगितलं. आई म्हणाली, येऊ दे.

मार्गशीर्षातला तो शेवटचा गुरुवार. इंद्रजीत पोचला तेव्हा शटर अर्धं वर होतं. बाहेर दहा-बारा माणसं आधीच उभी होती. काही हळहळून आलेली, काही गंमत बघायला. प्रेरणानं त्या दिवशी रजा टाकली होती. मालक कराराचे कागद ठेवून गेला होता आणि ते फ्रीजवर तसेच पडले होते. आई काय म्हणते, असं त्यानं प्रेरणाला हळूच विचारलं. आजचा दिवस बघते आणि संध्याकाळी सही करायची का नाही ते ठरवते, असं आई म्हणाल्याचं तिनं सांगितलं.

सत्यभामाबाईंनी त्याला आत बोलावलं. पातेलं रटरटत होतं. त्यांच्या ओठांना सकाळपासून पाण्याशिवाय काही लागलं नव्हतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांनी पळीनं थोडा सॉस काढला, फुंकर मारून निववला आणि त्याच्या तळहातावर घातला.

"बघा बरं."

त्यानं चाटून पाहिलं. कमी होतं. फार नाही, पण कमी होतं. आणि त्या क्षणी त्याच्या लक्षात आलं की आपल्याला 'बराबर' म्हणायचंय. बाहेर माणसं थांबलीत, या बाईला आपण आधीच पुष्कळ छळलंय, उपाशी आहे, निदान आज तरी तिच्या हाताला नाव ठेवू नये. पेजवर शून्य लिहिताना त्याचं बोट कधी अडखळलं नव्हतं. दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसाकडे बघून दोन शब्द बोलायला त्याची जीभ उचलेना.

"कमी हाय, मावशी," तो शेवटी म्हणाला. गावाकडचं, पाचोडचं बोलणं त्याच्या तोंडात आपसूक आलं. "लई नाय. पण हाय कमी."

बाईंनी चिमूट घातली, ढवळलं, पुन्हा तळहातावर घातलं. त्यानं चाखलं आणि अजून अर्धी चिमूट लागेल म्हणून सांगितलं. त्यांनी ती घातली. तिसऱ्यांदा चाखल्यावर त्यानं मान वर केली.

"आता बराबर."

बाई त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं आणि प्रेरणाला सांगितलं की मालकाला बोलावून घे, सही करून टाकते.

"संध्याकाळी ठरवणार होतीस ना?" प्रेरणा म्हणाली. "दिवस बघते म्हणाली होतीस."

"बघितला की," त्या म्हणाल्या आणि शटर पूर्ण वर करायला सांगून त्यांनी पिठाचा पहिला गोळा हातात घेतला.