भूत न्हाणीत का येत नाही?

रत्नागिरीच्या खालच्या आळीत आनंदीबाईंची सून बाळंत झाली होती, आणि घरोघरी चालतं तेच त्यांच्याकडेही चाललं होतं. माजघरालगतची अंधारी खोली, वर फळ्यांचा माळा, दारावर जाड घोंगडं. एकुलता एक झरोका, तोही जुन्या गोधडीच्या चिंध्यांनी ठासून बुजवलेला. आणि बाजेखाली करवंटीच्या निखाऱ्यांची शेगडी. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून एवढा बंदोबस्त! सरकारी खजिन्यालासुद्धा इतका नसेल.

वारा लागला नाही हे खरं, पण सून विमला दिवसेंदिवस मलूल होत चालली. तिचं डोकं ठणकायचं, मळमळायचं, ग्लानी यायची. सात दिवसांचं मूल धड रडत नव्हतं. दूध ओढता ओढताच मान टाकायचं. दोन वर्षांपूर्वी याच खोलीत विमलाचं पहिलं मूल नवव्या दिवशी गेलं होतं. तेव्हा आनंदीबाईंनी आळीभर सांगितलं होतं की, सून पांढऱ्या पायाची. विमलाला माहेर नव्हतं आणि नवरा मुंबईला नोकरीला, त्यामुळे तिनं ते मुकाट ऐकून घेतलं. आता मात्र आनंदीबाईंचं निदान बदललं होतं. सुनेला बाहेरचं लागलंय! उद्या देवीला कौल लावायचा, आणि तोवर शेगडीत निखारे जरा जास्तच घालायचे, असं त्यांनी ठरवून टाकलं.

त्या दुपारी शेजारचे आप्पा चौकशीला आले. आप्पा हायस्कुलात शास्त्राचे मास्तर होते. आता पेन्शनीत निघाले होते. पेन्शनीत निघाले तरी प्रश्न विचारायची खोड काही सुटली नव्हती. पडवीत टेकून त्यांनी सगळी हकीकत ऐकली.

"वहिनी, हे डोकं सारखंच दुखतं का हो?"

"सारखं कुठलं? सकाळी न्हाणीत नेली की बरी असते. हसते, बोलते. खोलीत आणून निजवली की तासाभरात पुन्हा तेच!"

"म्हणजे भूत न्हाणीत येत नाही?"

"कसं येईल? न्हाणीत चुलाण पेटलेलं असतं. विस्तवाला भूत भितं, हे शेंबड्या पोराला कळतं, आप्पा भावजी."

"बरं. मग खोलीतल्या शेगडीला का नाही भीत?"

हे काही आनंदीबाईंच्या ध्यानात आलं नव्हतं.

"वहिनी, नातवासाठी चुन्याची निवळी केली असेल ना तुम्ही?"

"केली तर! चुना भिजवून वरचं पाणी मी स्वतः निथळून घेतलंय. बघा, कशी विहिरीच्या पाण्यासारखी नितळ!"

"दोन वाट्या भरून द्या. एक इथं पडवीत ठेवू, दुसरी तुम्ही खोलीत बाजेशेजारी ठेवून या. मी काही सोयरातल्या खोलीत पाऊल टाकत नाही."

वाटी ठेवून आनंदीबाई परत आल्या, तोवर आप्पांनी परड्यातून पपईच्या पानाचं पोकळ देठ आणलं होतं. थोडी निवळी पेल्यात घेऊन त्यांनी देठातून हळूहळू फुंकायला सुरुवात केली. बघता बघता नितळ निवळी ताकासारखी पांढरी झाली!

"अगो बाई! यात काय घातलंत?"

"माझा उच्छ्वास घातला. आपण हवेतला प्राणवायू आत घेतो आणि कर्बाम्ल वायू बाहेर टाकतो. तो निवळीत मिसळला की चुना असा पांढरा होऊन उघडा पडतो. कोळसाही जळताना हेच करतो. आता एक पणती आणि लोणच्याची रिकामी बरणी आणा."

पेटत्या पणतीवर आप्पांनी बरणी पालथी घातली. ज्योत बारीक झाली, थरथरली आणि विझली.

"गुदमरला हो दिवा!" आनंदीबाई नकळत म्हणाल्या.

"अगदी बरोबर बोललात! बरणीतला प्राणवायू सरत आला आणि बाहेरून नवा मिळेना. वहिनी, तुमची खोली म्हणजे पालथी बरणीच. विमला, बाळ आणि शेगडी, तिघं एकाच ताटात जेवतायत, आणि त्यात शेगडी सगळ्यांत खादाड. शिवाय कोंडलेला कोळसा अर्धवट जळतो. त्यातून आणखी एक विषारी वायू निघतो. त्याला ना रंग, ना वास. निवळीही त्याला ओळखत नाही. तो रक्तात शिरून प्राणवायूची जागा अडवून बसतो, मग माणसाला ग्लानी येते. न्हाणीला वरून धूर जायला वाट आहे, कुडाच्या भिंतीतून हवा खेळते, म्हणून तिथं भूत येत नाही."

आनंदीबाईंनी तडक जाऊन खोलीतली वाटी आणली. वर पांढरी साय! पडवीतल्या वाटीत जेमतेम पुसट तवंग. दोन्ही वाट्या त्यांच्याच, निवळी त्यांच्याच हातची. संशय घ्यायचा तरी कुणाचा?

"पण वारा लागला तर? बाळंतवात झाला तर?" आनंदीबाईंनी विचारलं.

"बाज झरोक्यापासून दूर सरकवा, अंगावर गरम पांघरूण घाला. ऊब हवीच, पण श्वासही हवा. शेगडी बाहेर काढा वहिनी, आत्ता!"

आनंदीबाई उठल्या. शेगडी त्यांनी परड्यात नेऊन ठेवली, दारावरचं घोंगडं ओढून काढलं आणि स्टुलावर चढून झरोक्यातल्या चिंध्या उपसल्या. दिवेलागणीला विमला उठून बसली आणि म्हणाली, "आई, भूक लागली." थोड्या वेळानं बाळानं असा काही टाहो फोडला की, पलीकडच्या घरातली माणसं बाहेर आली. आनंदीबाईंना ते रडणं कितीही ऐकलं तरी पुरेना!

दुसऱ्या दिवशी कौलाचं नाव त्यांनी काढलं नाही. आप्पा आले तेव्हा त्या पडवीत बसून होत्या.

"भावजी, मागचं पोर... तेही असंच?"

आप्पा म्हणाले, "तेव्हा मी काही तपासलं नव्हतं, वहिनी. ठाऊक नाही ते सांगणार नाही."

आनंदीबाई उठून आत गेल्या. विमला बाळाला पाजत होती. त्या तिच्यापाशी जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "पोरी, आळीभर फिरून मी तुला पांढऱ्या पायाची म्हटलं. आता आळीभर फिरून सांगते, झरोका मी बुजवला होता."

विमलाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. दोन वर्षं तिनं ते अडवून धरलं होतं.

आणि आनंदीबाईंनी सांगितलं! सहा घरांत सांगितलं, मान खाली घालून, पण स्पष्ट शब्दांत. दोघी हसल्या, एकीनं दार लावून घेतलं, तिघींनी आपापल्या बाळंतिणींच्या खोल्या उघडल्या.

बंधुभगिनींनो, शास्त्र म्हणजे काही फक्त परीक्षेपुरती घोकायची पुस्तकं नव्हेत. 'असं का होतं?' हा प्रश्न ज्या घरात विचारला जात नाही, तिथं दोष भुताच्या नाहीतर सुनेच्या माथी जातो. तेव्हा कुणाला बोल लावण्याआधी एकदा कारण शोधा. आणि चूक आपली निघाली तर आनंदीबाईंसारखं ती बोलून दाखवा. ते जड जातं, पण त्यानं शेजारचं एखादं मूल वाचतं.