कस्तुरीचा निवाडा

लाला गिरिजाशंकरांच्या अत्तराच्या कारखान्यात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. आधी कामगार आले, मग त्यांच्या बायका, मग ज्याचा अत्तराशी काडीचा संबंध नाही असा अख्खा मोहल्ला. कनौजात फुकटचा वास आणि फुकटचा तमाशा, दोन्हींना गिऱ्हाईक कमी पडत नाही. अंगणाच्या मधोमध हरणाच्या कातड्यावर मृगनाथबाबा बसले होते आणि त्यांच्यापुढे मनगटं उघडी टाकून कामगारांची रांग लागली होती.

"ही बाजारातली कस्तुरी नव्हे!" काळ्या तेलाची शिशी उंच धरून बाबा गरजले. "कैलासाच्या पायथ्याशी एका मृगाने आपणहून माझ्या ओंजळीत नाभी टाकली. म्हणाला, घे नाथा, जगाचा न्याय कर!"

"हरीण बोललं?" मागून कुणीतरी विचारलं.

"संस्कृतात," बाबा म्हणाले. पुढच्या रांगेतल्या दोघींनी लगेच हात जोडले.

एवढं सगळं कशासाठी, तर आठवड्यापूर्वी कोठीतून शमामा अत्तराचा बुधला नाहीसा झाला होता. लालांच्या आजोबांनी स्वतः गाळलेला तो काळा, उग्र, थंडीत लावायचा शमामा चामड्याच्या बुधल्यात साठ वर्षं मुरत पडला होता. लाला दिवाळीला त्याला लक्ष्मीशेजारी ठेवत. पोलिसांकडे ते गेले नाहीत, पोलीस पुरावा मागतात. बाबा काही मागत नव्हते. नुसतं मनगट पुढे करायचं. निष्पाप माणसाच्या अंगावर कस्तुरी चंदनासारखी दरवळेल, चोराच्या अंगावर उलटेल आणि बोकडासारखी घाण मारेल.

आता एकच तेल दोन माणसांच्या अंगावर दोन तऱ्हांनी वास देतं, हे कनौजचं शेंबडं पोरही सांगेल. कुणाची कातडी गरम, कुणाची कोरडी, कुणी लसूण जास्त खातो, कुणाला घाम फार. हलवायाच्या अंगावर जे गोड वाटतं ते लोहाराच्या अंगावर कडू होतं. बाबांनी एवढंच केलं, की या खऱ्या गोष्टीला पापपुण्याचं शेपूट लावून दिलं. आणि नाकावर पोट भरणारं गाव नाकाला धरूनच फसलं.

लालांची विधवा सून विमलेश ओट्यावर उभी होती. कारखान्यातल्या मालाची परख तीच करायची. तिने वास घेऊन मान हलवल्याशिवाय एकही शिशी बाहेर पडत नसे. निदान लालांची तशी समजूत होती.

खरी गोष्ट अशी, की दीड वर्षापूर्वीच्या साथीत तिचा नवरा गेला त्याच तापात तिचं नाकही गेलं. नवऱ्याची शाल तिने तोंडाला लावली आणि कसलाच वास आला नाही. शाल नुसतं कापड होती. त्यानंतर तिला रडू आलं नाही, भूक लागली नाही, कशाचंच काही वाटेनासं झालं. आणि वाटत नाही याचंही तिला काही वाटत नव्हतं. हे कुणाला कळू न देता ती रोज परखायला बसायची, डोळे मिटायची, मान हलवायची. फक्त भट्टीवाल्या छेदीचाचाने ओळखलं होतं. शिशी पुढे ठेवताना तो हळूच पुटपुटायचा, "बहू, हा गुलाब जरा जळलाय," किंवा "हा बरोबर आहे, जाऊ दे." नाक नसलेल्या विधवा सुनेला या घरात कोण बसू देणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

पहिल्या सहा जणांच्या मनगटांवर चंदन दरवळलं. रांगेतला सातवा छेदीचाचा होता. चाळीस वर्षं अत्तर गाळायच्या तांब्याच्या हंड्यांना, देगांना, माती लावलेले त्याचे हात काळवंडले होते.

"वास घेताना सगळ्यांनी डोळे मिटा," बाबा म्हणाले.

सांगायचीही गरज नव्हती. कनौजात डोळे उघडे ठेवून कुणी अत्तर हुंगत नाही, त्याला गावंढळ म्हणतात. लालांनी डोळे मिटले, अंगणाने मिटले. विमलेशने मिटले नाहीत. आज तिच्याकडे कुणी बघत नव्हतं, मग सोंग कुणासाठी करायचं?

बाबांचा डावा अंगठा झोळीच्या घडीत गेला, बाहेर आला आणि "नाडी बघू" म्हणत चाचाच्या मनगटावर दाबला गेला. त्याच जागेवर मग काळ्या तेलाचा थेंब पडला. आधीच्या सहा जणांची नाडी कुणी बघितली नव्हती.

लाला वाकले आणि झटक्यात मागे सरले. "राम राम राम!"

अंगणात कल्ला झाला. "चोर! चाळीस वर्षं खाल्ल्या ताटात!" चाचाने स्वतःचं मनगट नाकाशी नेलं. त्याचं नाक इमानी, खोटं कसं बोलणार? तो म्हणाला, "खरंच घाण मारतंय मालक. मी बुधला घेतला नाही. पण मारतंय खरं. माझ्या हातून काय पाप झालं, मलाच कळत नाही."

"चालता हो," लाला म्हणाले. "पुन्हा या भट्टीला हात लावायचा नाही."

म्हातारा तसाच उभा राहिला. विमलेशने स्वतःच्या आत चाचपून बघितलं. राग नाही, कीव नाही, काहीच नाही. पण जे डोळ्यांनी दिसलं ते दिसलं होतं. ती ओट्यावरून खाली उतरली.

"चाचा, दुसरा हात पुढे करा." तिने बाबांच्या पुढ्यातली शिशी उचलली आणि स्वतः थेंब लावला. "बाबूजी, आता वास घ्या. चोर तोच, तेल तेच."

लालांनी हुंगलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "चंदन येतंय. हे कसं?"

"एक हात चोर आणि दुसरा साव, असं तर नसेल?"

कुणीतरी खुदकन हसलं.

"कलियुग!" बाबा उठायला लागले. "बाईने शिशीला हात लावला, कस्तुरी विटाळली!"

"विटाळून चंदन झाली? मग बरंच झालं. बसा बाबा. बाबूजी, आता यांचा डावा अंगठा हुंगा."

बाबांनी अंगठा मुठीत लपवला. दोन हमालांनी ती मूठ उघडली. लालांनी वास घेतला आणि या वेळी डोळे उघडे ठेवले.

"बोकड," ते म्हणाले.

झोळीच्या घडीतून कुजक्या चरबीची डबी निघाली. त्या काळ्या तेलात चंदनाखाली मुळातच जनावराचा हलका दर्प असतो. त्यात बोकडाची चरबी मिसळली, की भल्याभल्या नाकांना वाटतं तेलच उलटलं. बाबा "मृगाचा शाप लागेल" म्हणत सटकले. हात जोडणाऱ्या त्या दोघी जाता जाता तरीही त्यांच्या पाया पडल्याच. त्याला काय करणार!

"बाबांना चाचांचं नाव कुणी सांगितलं?" विमलेशने विचारलं.

लाला चाचरले. "मी... मी एवढंच म्हणालो होतो, की कोठीची किल्ली छेदीकडे असते."

"म्हणजे तुमचाच संशय तेल लावून त्यांनी तुम्हाला परत दिला."

लाला तिच्याकडे वळले. मग त्यांनी सावकाश विचारलं, "पण बहू, सगळ्यांनी डोळे मिटले होते. तुझेच कसे उघडे राहिले?"

काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. पण खोटं पकडायला उतरलेल्या बाईने तिथेच नवं खोटं काय बोलायचं?

"मला वास येत नाही, बाबूजी. त्या तापापासून."

"दीड वर्ष?" लालांचा आवाज खाली गेला. "मग माल परखत कोण होतं?"

तिने छेदीचाचाकडे बोट दाखवलं. गेल्या दीड वर्षात लालांच्या मालाची एकही शिशी परत आली नव्हती, हे बाजाराला ठाऊक होतं. लाला म्हाताऱ्यासमोर जाऊन उभे राहिले. चाचा आपलं घाण मनगट धोतराला पुसत राहिला.

"उद्यापासून परखायला छेदी बसेल," लाला शेवटी म्हणाले. सुनेचं काय करायचं, ते बोलले नाहीत. विमलेशनेही विचारलं नाही. आता आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं. आलं नाही.

"पण मग बुधला नेला कुणी?" लालांनी विचारलं. सगळं अंगण पुन्हा तिच्या तोंडाकडे बघू लागलं, जणू एक बाबा गेले आणि त्यांच्या जागी दुसऱ्या आल्या.

"माहीत नाही," विमलेश म्हणाली. "कोठीचं कुलूप बघा, कोण आलं कोण गेलं ते विचारा, पोलिसांत जा. सापडला तर सापडेल. नाही सापडला, तर माहीत नाही असंच म्हणावं लागेल. आठवडाभर आपल्याला तेवढंच म्हणवलं नाही, बाबूजी. म्हणून आज या माणसाला आपण चोर केलं."