बॅटरीचं पाणी

"किती पितीस गं! मागल्या शनवारीच पाजलं ना तुला?"

बॉनेटखाली डोकं घालून आप्पा, म्हणजे माझे सासरे, बॅटरीवर कुरकुरत होते. मी शेजारी टॉर्च धरून उभी होते म्हणून ऐकू आलं.

पुंडलिकनगरातल्या आमच्या घरापुढं त्यांची जुनी फियाट उभी असते. सासूबाई गेल्या त्या उन्हाळ्यापासून ती फाटकाबाहेर गेलेली नाही. तरी दर शनिवारी आप्पा बॅटरीची सहाही बुचं काढतात, आतल्या प्लेटा बुडतील एवढं पाणी घालतात, चार्जर लावतात. मग बुडबुडे ऐकत बसतात, चुलीवरच्या आधणाकडं ध्यान ठेवावं तसे.

"आप्पा, तिसरा खाना गेलाय आता."

"गेला नाय. तहान लई हाय त्याला."

त्या उन्हाळ्यात नळाचं काही खरं नव्हतं. भरदुपारी बजाजनगरचे सोयरे टपकले आणि माठ कोरडा. सासूबाईंनी सरळ बॅटरीच्या पाण्याचा कॅन उचलून पातेल्यात ओतला. चहा देता देता म्हणाल्या, "एवढं निर्मळ पाणी मोटारीला, अन् माणसांनी खारं प्यायचं व्हय? बायकोपरीस मोटारीचा लाड!" सोयरे खो खो हसले. आप्पा हसले नाहीत.

पुढं महिन्याभरानं सासूबाईंच्या छातीत कळ आली, तेव्हा फियाट नुसती 'कट्' म्हणाली. प्लेटा उघड्या पडल्या होत्या. रिक्षा मिळाली, पण उशिरा.

'तेव्हा बॅटरीचं पाणी कुठं मिळतच नव्हतं,' असं आमच्याकडं सांगायची पद्धत आहे. शहरातल्याच औरंगपुऱ्याच्या बाजारात ते बाराही महिने मिळतं. पण घरात कुणी औरंगपुऱ्याचं नाव काढत नाही.

तेवढ्यात आमचे हे, म्हणजे आप्पांचा मुलगा कारभारी, स्कूटरवरून उतरले. पायांजवळ नवीकोरी बॅटरी. ती त्यांनी ओट्यावर ठेवली.

"घ्या आप्पा, तुमची कटकट मिटली. हिला पाणीच लागत नाही."

आप्पांनी धोतराला हात पुसले. बॅटरीवरून अंगठा फिरवला, या कडेपासून त्या कडेपर्यंत. झाकण सपाट.

"बुचं कुठं हायेत हिची?"

"नाहीतच."

"मंग शनवारी म्या काय करावं?"

हे हसायला गेले आणि अर्ध्यातच थांबले. "आराम करा. किती वर्षं जिवाला लावून घेणार? तेव्हा पाणीच मिळत नव्हतं, त्याला तुम्ही काय करणार होता?"

मी टॉर्च बंद केला.

आप्पांचा अंगठा त्या सपाट झाकणावर तसाच राहिला.

"पाणी मिळत व्हतं, कारभारी. दुकानावरनं रोज जात व्हतो म्या. तुझी आई चारचौघांत हसली मला, म्हणून नाय आणलं. रुसलो व्हतो मी तिच्यावर."